कधी दिसते, कधी दिसत नाही

रुचिकाचा फोन आला तेव्हा भावना दुकानाचं शटर वर करून ओट्यावरचा कोंडा झाडत होती. तुमसरात राइस मिल जवळ असली की कोंड्याची धूळ रोजचीच. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला ती धूळ वैरीण, म्हणून भावना दिवसातून दोनदा झाडू मारायची.

"भावनाताई, बाबांचा कॉम्प्युटर कधी चालू होते, कधी नाही," रुचिका नागपूरहून बोलत होती. "आईनं फोटो पाठवला. पडद्यावर लिहून आहे का हार्ड डिस्कच सापडत नाही. बंद करून पुन्हा लावला तर कधी सापडते, कधी नाही."

"कवापासून होऊन राहिलं असं?"

"दिवाळीनंतर. आईनं मले काल सांगितलं. ताई, त्यात बाबांचा आवाज आहे. तुम्हाले माहीत आहे ना."

भावनाला माहीत होतं. आंबागडच्या वासुदेवरावांना ओळखत नाही असा माणूस तालुक्यात शोधावा लागला असता. तीस वर्षं त्यांनी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, माइक धरला. बैलजोडी सुटली की त्यांचा आवाज सुटायचा, आणि जोडी पल्ल्याला पोचल्याचं, ती हाकणाऱ्या धुरकऱ्याच्याही आधी, लोकांना त्या आवाजावरून कळायचं. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र कायम. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला अकरा दिवस होते. रुचिकानं घरच्या कॉम्प्युटरला माइक लावला आणि त्या अकरा दिवसांत बापाकडून जे जे बोलवून घेता येईल ते घेतलं.

"कॉपी कुठं कुठं आहे?" भावनानं विचारलं.

"माझ्या लॅपटॉपवर होती. तो कंपनीचा होता. नोकरी बदलली तेव्हा परत केला. पेनड्राइव्हवर घेऊ घेऊ म्हणता राहून गेलं. ताई, एकच आहे. ती त्या डिस्कवर."

"मी आत्ता निघते," भावना म्हणाली आणि फोन ठेवून तशीच उभी राहिली.

दिवाळीच्या आधी त्या कॉम्प्युटरला तिनेच हात लावला होता. वीज कमीजास्त होऊन त्याचा पॉवर सप्लाय जळला होता. नवा यायला चार दिवस लागणार होते, आणि वासुदेवरावांच्या बायकोला, रुखमिणीकाकीला, चार दिवस धीर निघत नव्हता. मग भावनानं एका ऑफिसच्या मोडीत निघालेल्या मशीनमधला सप्लाय काढून तिथे बसवला. नवा आला की बदलून टाकू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. काकीनं विचारलंही होतं, "नवीनच टाकला ना, बाई?" आणि ती म्हणाली होती, "चालते काकी, फिकीर नका करू." ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. मग दिवाळी आली, कामं आली, आणि तो सप्लाय तिथेच राहिला.

आता फळीवर नवा सप्लाय खोक्यात पडून होता. बॅग भरताना तिनं केबली घेतल्या, मीटर घेतला, स्वतःची मोठी बाहेरची डिस्क घेतली. खोक्याकडे हात गेला आणि मागे आला. नवा सप्लाय सोबत नेला तर तो का नेला, हे सांगावं लागणार होतं. या गावात दुकान टाकलं तेव्हा पहिलं वर्षभर गिऱ्हाईक आत येऊन विचारायचं, "मिस्त्री कुठं गेला?" भंडाऱ्याच्या भैयाजींकडे सहा वर्षं काम शिकून आलेली मिस्त्री आपणच, हे पटवता पटवता तिचे चार उन्हाळे गेले होते. पुरुषाच्या हातून चुकलं की लोक म्हणत, होते कधी कधी. तिच्या हातून चुकलं असतं तर म्हटलं असतं, बाईचं काम.

केबलच ढिली असंल, तिनं स्वतःला सांगितलं आणि स्कूटी काढली. खोका फळीवरच राहिला.

आंबागडच्या वाटेवर दोन्हीकडे धान कापलेल्या बांध्या होत्या आणि कापलेल्या खुंटांमधून लाखोळीच्या पिकाची हिरवळ वर आली होती. एरवी तिला ही वाट आवडायची. आज किल्ल्याची टेकडी जवळ येत गेली तशी तिनं गाडी हळू केली.

वासुदेवराव ओसरीवर बसले होते. गळ्याला पांढरं सुती फडकं, मांडीवर पाटी. तिला पाहून त्यांनी हात जोडले आणि पाटीवर लिहिलं, 'चहा आधी का काम आधी'.

"काम आधी, काकाजी," ती म्हणाली.

आतल्या खोलीत रुखमिणीकाकीनं कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. "काल सकाळपासून पाच खेपा लावला, एकदा चालला. आता तू पाय, कसा गुपचूप चालू होईल. मले खोटी पाडंल."

तसंच झालं. बटन दाबताच मशीन सुरू झालं, पडद्यावर वासुदेवरावांचा बैलजोडीसोबतचा फोटो आला. काकी म्हणाली, "पाय." त्या एका शब्दात सुटकाही होती आणि रागही.

भावनानं वेळ घालवला नाही. मशीन चालू आहे तोवर माल बाहेर काढायचा, हे भैयाजींनी शिकवलेलं पहिलं सूत्र. तिनं बाहेरची डिस्क जोडली. 'बाबा' नावाचा फोल्डर उघडला. आत अडतीस फायली. 'पट' एक ते बावीस, एकेका गाजलेल्या पटाची हाक पुन्हा बोलवून घेतलेली, 'गोष्टी' एक ते नऊ, 'पोथी', 'घर', 'रुचिकासाठी', आणखी काही. सगळ्या एकत्र उचलून तिनं कॉपीला लावल्या. हिरवी पट्टी सरकू लागली. एक टक्का. दोन. काकी मागे उभी राहून पट्टीकडे बघत होती, जशी भाताच्या आधणाकडे बघावी.

चार टक्क्यांवर पट्टी थांबली.

भावनानं मशीनच्या पेटीला कान लावला. आतून आवाज आला. टक. जरा थांबून पुन्हा टक. मग काहीतरी फिरत फिरत मंदावत गेल्यासारखं, आणि शांतता. पडद्यावरून डिस्कचं नावच गेलं.

"काय झालं?"

"थांबा काकी, केबल पाहते."

तिनं पेटी उघडली. डेटाची केबल तिनं बदलली, दुसऱ्या खाचेत लावली. विजेचा जोड काढून दुसरा दिला. एक बोट डिस्कच्या अंगावर ठेवून मशीन लावलं. बोटाला बारीक थरथर जाणवली, डिस्क फिरत होती. आणि सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर, जिथे मशीन आपले अवयव मोजतं, तिथे डिस्कचं नाव आलं.

"दिसली," ती म्हणाली आणि तिला खरंच वाटलं की केबलच होती. वासुदेवराव दारात येऊन उभे होते. त्यांनी मान हलवली.

पुन्हा कॉपी. या वेळी तीन टक्के. मग पुन्हा तेच, टक, टक, आणि बोटाखालची थरथर विझली. तिनं मशीन बंद केलं. मनात वीसपर्यंत मोजलं. लावलं. निळा पडदा आला. डिस्कची जागा रिकामी.

आता तिनं मीटर काढला. खरं तर तो सगळ्यात आधी काढायचा होता आणि ते तिला दुकानातून निघतानाच माहीत होतं. डिस्कला विजेच्या पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट लागतात. दोन्ही पिना टेकवल्या. अकरा पॉइंट एक. डिस्क उठायला गेली की आकडा दहा पॉइंट सहावर घसरायचा. डिस्क अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची. जेवढ्या वेळा ती अशी उठबस करत होती तेवढ्या वेळा तिच्या आतली, केसापेक्षा बारीक अंतरावर फिरणारी टोकं धोक्यात येत होती. आणि त्यातल्या तीन उठबशी तर भावनानंच आत्ता करवल्या होत्या, नवा सप्लाय फळीवर ठेवून.

तिनं प्लगच ओढला.

"काहून बंद केलं?" काकीनं विचारलं.

भावना जमिनीवर बसून होती, मीटर हातात. तिला आणखी एक वाक्य सुचत होतं, 'डिस्क जुनी झाली काकी, आयुष्य असते तिचंही', आणि ते वाक्य कोणी खोडून काढू शकलं नसतं. या घरात तिला विचारणारं कोणी नव्हतं. तिनं ते तोंडात घोळवलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"काकाजी, काकी, मले एक सांगाचं आहे," ती म्हणाली. "दिवाळीत मी जो सप्लाय टाकला तो नवा नव्हता. एका जुन्या मशीनचा होता. नवा आला का बदलीन म्हटलं आणि राहून गेलं. तो आता पूर्ण वीज देऊन नाही राहिला, म्हणून डिस्क बंद पडते. नवा माह्या दुकानात आहे. आज मी तो आणला नाही, कारण आणला असता तर हे सांगा लागलं असतं. आणि आणला नाही म्हणून मी आता तीन खेपा डिस्कले आणखी त्रास दिला."

काकी हळू आवाजात म्हणाली, "मी तुले विचारलं होतं."

"हो, काकी."

"ह्या दारातच विचारलं होतं. नवीन आहे का म्हणून."

"हो."

"मी रोज दुपारी भांडे झाल्यावर ह्यायचा आवाज लावते. अर्धा घंटा. ह्यायले ओसरीवर आयकू येते, ते काही म्हणत नाही. मी आयकते. अन् तू..." काकी पाठ करून स्वयंपाकघरात गेली. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

भावना खाली बघत राहिली. खडूचा आवाज आला म्हणून तिनं वर पाहिलं. वासुदेवरावांनी पाटी पुढे धरली होती. 'पुढे काय करायचं'.

"काकाजी, इथं हिले आता वीज नाही द्यायची. दुकानात नेऊन चांगल्या सप्लायवर लावते. पण खात्री नाही देऊ शकत. वाटेत धक्का बसला तर आणखी बिघडंल. नाही तर नागपूरले मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. ते काढतील कदाचित, पण पंधरा-वीस दिवस डिस्क त्यायच्याकडे राहील. तुम्ही ठरवा."

त्यांनी पाटी पुसून लिहिलं. 'तू कर. मी येतो. डिस्क माझ्या हातात'.

भावनानं डिस्क काढून चंदेरी पिशवीत घातली. वासुदेवरावांनी ती दोन रुमालांत गुंडाळून पोटाशी धरली आणि स्कूटीवर मागे बसले. निघताना काकी दारात आली नाही.

वाट तीच होती, पण आता तिला प्रत्येक खड्डा दिसत होता. मागचा माणूस 'हळू' म्हणू शकत नव्हता. खड्डा आला की ते तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवत, आणि ती ब्रेक दाबत असे. एका वळणावर धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर अंगावर आला. तिला कडेला उतरावं लागलं, स्कूटी गचकली. मागून काही आवाज आला नाही. तिनं गाडी थांबवून वळून पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते, दोन्ही हातांनी पोट आवळून. मग डोळे उघडून त्यांनी हातानंच सांगितलं, चल.

दुकानात तिनं त्यांना खुर्ची दिली, नवा सप्लाय उघडला, मीटर लावला. बारा पॉइंट एक. अगदी बरोबर. डिस्क टेबलावर मऊ स्पंजच्या तुकड्यावर ठेवली. बटनावर बोट नेलं आणि थांबली.

"काकाजी, लावण्याआधी एक विचारते. ही किती वेळ चालंल सांगता येत नाही. मघा मी सगळं एकदम उचललं, ते चुकलं. आता एकेक फाईल काढते. आधी कोणती काढू?"

वासुदेवरावांनी खडू धरला. भावनाला वाटलं 'पट' लिहितील. बावीस फायली पटाच्या होत्या. त्यांचं नाव झालं होतं ते पटामुळंच. आजही कोणत्याही गावच्या पटात म्हातारी माणसं म्हणायची, वासुदेवराव नाही तर पट मुका वाटते.

त्यांनी लिहिलं, 'घर'. त्याखाली, 'रुचिकासाठी'. त्याखाली, 'गोष्टी'. मग थोडं थांबून, 'पट शेवटी. पट लोकांच्या मोबाइलमध्ये असेल'.

तिनं बटन दाबलं. डिस्क फिरली, नाव आलं. 'घर' उचललं. मोठी फाईल होती, दोन तासांची. दहा टक्के, वीस, चाळीस. वासुदेवरावांच्या गळ्याच्या फडक्यामागून त्यांचा श्वास येता-जाता ऐकू येत होता. एकसष्टवर टक आवाज आला.

डिस्क गेली.

मीटर बारा पॉइंट एकच दाखवत होता. वीज पूर्ण होती आणि तरी डिस्क गेली होती. म्हणजे जुन्या सप्लायनं जे करायचं ते करून ठेवलं होतं, आणि आता नवा लावून काही उपयोग नव्हता. किंवा दुसरंच काही होतं. तिला कळेना. वासुदेवरावांकडे बघायची हिंमत झाली नाही. तिनं भैयाजींना फोन लावला.

भैयाजी आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून दुकानात बसत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सप्लायचंही. त्यावर ते काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "बंद होते तवा आधी टक येते का आधी फिरणं थांबते?"

"आधी टक. फिरणं मग थांबते."

"थंड असली तवा लवकर सापडते का गरम असली तवा?"

"थंड असली तवा. थोडी चालली का जाते."

"कॉम्प्युटर कुठं ठेवला आहे घरात? पाण्याच्या बाजूले?"

भावनानं आठवलं. खोलीच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं, भिंतीला खाली ओल होती. तिनं वासुदेवरावांना विचारलं. त्यांनी मान डोलावली.

"आता आयक," भैयाजी म्हणाले. "डिस्कच्या खाली सर्किटची हिरवी पट्टी असते, ती चांदणीसारख्या खाचेच्या स्क्रूवर राहते. ते स्क्रू काढ. पट्टी उचल, ओढू नको. खालून जिथं ती आतल्या भागाले टेकते तिथं बारीक बारीक टिकल्या असतील. चमकत असल्या तर तसंच लाव आणि नागपूरले पाठव. काळ्या असल्या तर शाळेतला खोडरबर घे, पांढरा, नवा. हळूच घास. पेनाची शाई खोडाचा रबर नको, तो खरवडते. भुसा राहू देऊ नको."

"भैयाजी, मी असं कधी केलं नाही."

"मी तरी कुठं रोज करत होतो. स्क्रू पाच असतील का सहा, मोजून ठेव."

समोरच्या स्टेशनरीतून वासुदेवराव स्वतः खोडरबर घेऊन आले. दोन आणले. भावनानं सगळ्यात बारीक पेचकस घेतला. पहिला स्क्रू फिरेना. जोर लावला तर पेचकस घसरून पट्टीवर ओरखडा जाईल, आणि तसा ओरखडा गेला की सगळंच संपलं. तिनं मनगट टेबलाला टेकवून पुन्हा दाबलं. स्क्रू सुटला. एकेक करून पाच काढले, कागदावर ओळीनं ठेवले. पट्टी नखानं उचलली आणि उलटी करून दिव्याखाली धरली.

टिकल्या काळ्या होत्या. सगळ्या नाही, पण निम्म्याहून जास्त, तांब्याच्या जुन्या भांड्यासारख्या.

तिनं पट्टी वासुदेवरावांना दाखवली. ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी पट्टीची कड दोन बोटांनी घट्ट धरली, म्हणजे घासताना ती हलू नये. त्यांचा हात स्थिर होता. अर्धा तास दोघं तशी बसली. एकेक टिकली पिवळी झाली. तिनं कोरड्या ब्रशनं भुसा काढला, पट्टी जागेवर ठेवली, पाचही स्क्रू आवळले.

बटन. थरथर. नाव.

'घर'. वीस टक्के. साठ. एकसष्ट. बासष्ट. भावनानं खुर्चीचा हात धरला. ऐंशीवर असताना दिवे गेले. पंखा थांबला. मग इन्व्हर्टरनं भार घेतला, कोपऱ्यातून पी-पी असा आवाज येऊ लागला. पडद्यावरची कॉपीची पट्टी चालतच होती. नव्वद. शंभर.

फाईल नीट निघाली का ते बघायला तिनं ती लावली. दुकानात एका माणसाचा भरदार, जरा चिडका आवाज भरला. "रुखमिणी, अवो, ह्या भाजीत मीठ टाकलं का तशीच उतरवली? पोरगी रेकार्डिंग करून राहिली म्हणून काय मी अळणी खाऊ?" मागून बाईचं हसणं, रुचिकाचं "बाबा, चालू आहे ते", आणि पुन्हा तोच आवाज, "चालू राहू दे. माहीत पडू दे लोकायले."

वासुदेवराव टेबलाकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. भावनानंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं काकीला फोन लावला आणि काही न बोलता स्पीकरजवळ धरला.

पलीकडून काकी म्हणाली, "मीठ होतं त्यात. तोंडाले चवच नव्हती त्यायच्या तवा." मग तिनं विचारलं, "बाकीचं निघंल का?"

"काढून राहिली, काकी."

संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत 'रुचिकासाठी' निघालं, नऊच्या नऊ गोष्टी निघाल्या, पोथी आणि बाकीच्या किरकोळ फायली निघाल्या. पटाच्या बावीसपैकी सतरा निघाल्या. अठराव्यावर डिस्क पुन्हा टकटकू लागली. या वेळी पट्टी काढून, घासून, थंड करूनही नाव आलं नाही. भावनानं आणखी एकदा लावू का म्हणून विचारलं. वासुदेवरावांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. पुरे.

त्याच दिवशी तिनं सगळं तीन ठिकाणी उतरवलं, एक रुचिकाकडे पाठवलं.

भैयाजींना तिनं नंतर विचारलं होतं, दोष कोणाचा. सप्लायचा की ओलीचा. ते म्हणाले, "काळेपणा दोन महिन्यांत नाही येत, तो जुना असंल. पण अर्ध्या विजेवर उठबस केली म्हणून शेवट लवकर आला असंल. किती तुह्यामुळं आणि किती भिंतीमुळं, हे कोणी नाही सांगू शकत. म्हणून तर मीटर आधी लावाचा असते." या उत्तरानं तिला झोप यायला मदत झाली नाही, पण दुसरं उत्तर नव्हतंच.

रविवारी ती दुकानात उघडलेला सोडून दुसरा नवा सप्लाय आणि नवी डिस्क घेऊन आंबागडला गेली. रुचिका आली होती. कॉम्प्युटर न्हाणीघराच्या भिंतीपासून हलवून ओसरीला लागून ठेवला होता. पटात जोडी हाकणारा परसराम धुरकरी ओसरीवर मोबाइल घेऊन बसला होता. त्याच्याकडे गेल्या काही वर्षांतल्या पटांचे व्हिडिओ होते, आणि वासुदेवराव कानाला मोबाइल लावून डिस्कवरून न निघालेले पाच पट त्यांत ओळखत होते. त्यांनी पाटीवर लिहिलं होतं, 'दोन सापडल्या. तीन बाकी'.

काकीनं भावनाला पाणी दिलं, पण बोलली नाही. भावनानं पेटी उघडली, जुना सप्लाय काढला आणि नव्याच्या खोक्याची चिकटपट्टी कापायला पेचकस घेतला.

"थांब," काकी म्हणाली. "इकडं दे."

तिनं खोका हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, चिकटपट्टीवरून नख फिरवून ती कुठं उघडून पुन्हा लावली आहे का ते पाहिलं. खोक्यावरची तारीख रुचिकाकडून वाचून घेतली. मग स्वतःच विळीच्या टोकानं पट्टी कापली, आतला सप्लाय प्लास्टिकच्या पिशवीतून काढला आणि भावनाच्या हातात ठेवला.

"आता बसव," ती म्हणाली. "अन् पुन्हा काही जुनं लावाचं असंल तर जुनं म्हणून सांगजो. चार दिवस मी थांबले असते."

"हो, काकी," भावना म्हणाली आणि मीटर काढून आधी बारा व्होल्ट मोजले.